जगात कुठेही घर आहे का?

गोष्ट २०२३ च्या ऑगस्टमधली. आमच्या सॉलिसिटरबाईंनी स्टॅम्प ड्यूटीसाठी एक फॉर्म मेल केला होता. दीड पानी, एकदम साधा. ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये सँडविच खाता खाता मी तो भरायला घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख, व्हिसा कधीपर्यंत आहे वगैरे वगैरे. आणि मग एक प्रश्न आला, ज्याचा अर्थ साधारण असा होता : तुम्ही, किंवा तुमच्याबरोबर हे घर घेणाऱ्या व्यक्तीनं, यापूर्वी जगात कुठेही घर घेतलंय का? वारशानं किंवा भेट म्हणून मिळालंय का? पूर्ण नाही, तर त्यातला हिस्सा तरी?

आपल्याकडे कुठलं घर! चार वर्षं भाडं भरतोय म्हणूनच तर हा सगळा उद्योग चालू होता. मी बिनधास्त 'नाही'वर टिक केली, सँडविच संपवलं आणि मीटिंगला गेलो.

संध्याकाळी ट्रेनमध्ये बसल्यावर एकदम आठवलं. डोंबिवली!

डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे. २००९ मध्ये बाबांनी घेतला. तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. खिशात लोकलचा पास आणि वडापावपुरते पैसे. पण अ‍ॅग्रीमेण्टच्या दिवशी बाबा मला कॉलेज बुडवून रजिस्ट्रार ऑफिसात घेऊन गेले. "दोघांच्या नावावर करतोय. पुढे तुला कटकट नको," एवढंच म्हणाले. मी कॅमेऱ्याकडे बघून फोटो काढला, अंगठा दिला, चार-पाच ठिकाणी सह्या ठोकल्या आणि घरी येऊन मॅच बघत बसलो. आपण त्या दिवशी घरमालक झालोय हे माझ्या गावीही नव्हतं.

इंग्लंडच्या कायद्याच्या मात्र ते पक्कं लक्षात राहणार होतं. फॉर्म परत मागवला, 'नाही'चं 'हो' केलं. त्या एका 'हो'ची किंमत किती, ते सांगतोच. पण त्याआधी आम्ही त्या फॉर्मपर्यंत कसे पोचलो ते ऐका. परदेशात घर घेण्याचं स्वप्न बघणाऱ्यांना उपयोगी पडेल.

'सोल्ड' म्हणजे विकलं नव्हे

कंपनीनं मला २०१९ मध्ये रेडिंगला पाठवलं. लंडनच्या पश्चिमेला, ट्रेननं अर्ध्या तासावर. स्पेलिंग बघून तुम्ही 'रीडिंग' म्हणालात की समोरचा ओळखतो, हा नवा आहे! २०२३ च्या सुरुवातीला भाडं पुन्हा वाढलं तेव्हा बायको म्हणाली, "अरे, घरमालकाच्या लोनचा हप्ता आपण किती दिवस भरायचा?" मुद्दा बिनतोड होता.

पहिला सुखद धक्का म्हणजे, इंग्लंडमध्ये घर घ्यायला तिथलं नागरिकत्व लागत नाही. पासपोर्ट कुठलाही असो, कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती बँकेची. व्हिसा किती दिवसांचा, नोकरी पक्की का, स्वतःचे किती घालणार, हे सगळं बँक खोदून खोदून विचारते. काही बँका व्हिसावाल्यांकडे जास्त डिपॉझिट मागतात. आम्हाला एक बँक १५ टक्क्यांवर तयार झाली. तिनं 'एवढं कर्ज देऊ शकू' असं पत्र दिलं. हे पत्र नसेल तर इस्टेट एजंट घर दाखवतानाही फार उत्साह दाखवत नाही.

मार्चमध्ये एक घर आवडलं. किंमत घासाघीस करून ३ लाख ८५ हजार पौंड ठरली. एजंटचा फोन आला, अभिनंदन! दारासमोर 'सोल्ड'ची पाटीही लागली. आम्ही पाटीचा फोटो डोंबिवलीला पाठवला, आईनं देवापुढे साखर ठेवली. पाटीवर 'सोल्ड'च्या खाली बारीक अक्षरांत 'सब्जेक्ट टू काँट्रॅक्ट' असं लिहिलं होतं. ते कुणीच वाचलं नाही.

नवव्या आठवड्यात एजंटचा पुन्हा फोन. दुसऱ्या पार्टीनं दहा हजार जास्त देऊ केलेत, मालकानं त्यांना हो म्हटलंय, सॉरी. मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही आम्हाला हो म्हणाला होतात!" पलीकडून पुन्हा एकदा, जास्त मऊ आवाजात, सॉरी.

या प्रकाराला तिथे चक्क एक शब्द आहे : गॅझम्पिंग. आणि तो बेकायदा नाही! इंग्लंडमध्ये १९८९ च्या कायद्याप्रमाणे घरजमिनीचा करार लेखीच लागतो, त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात. तोंडी 'हो'ला शून्य किंमत. दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत, म्हणजे 'एक्स्चेंज'पर्यंत, विकणाराही पळू शकतो आणि घेणाराही. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये कायदा वेगळा. तिथे दोन्हीकडच्या सॉलिसिटरांची पत्रं जातात-येतात आणि ती पुरी झाली की व्यवहार पक्का. इंग्लंडमध्ये मात्र तीन-चार महिने तुम्ही हवेत लटकत असता.

सर्व्हे, सर्च, सॉलिसिटरची अर्धी फी मिळून आमचे अकराशे पौंड गेले. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना पटेचना. "टोकन नव्हतं दिलंस?"

"इथे टोकन नसतं, बाबा."

"मग शब्द?"

"तोही नसतो."

बाबा थोडा वेळ गप्प. २००९ मध्ये त्यांनी अकरा हजारांचं टोकन दिलं होतं, वहीच्या फाडलेल्या कागदावर पावती घेऊन. नंतर त्या मालकाला जास्तीची ऑफर आली होती. "नाही म्हणाला तो. म्हणाला, जोशीसाहेबांना शब्द दिलाय." हे सांगताना बाबांचा आवाज असा होता, की जणू इंग्रजांनी उगाचच दीडशे वर्षं राज्य केलं.

चर्चच्या छपराचा विमा

जुलैमध्ये दुसरं घर मिळालं. शंभर वर्षांपूर्वीचं, लाल विटांचं, तीन बेडरूमचं रो हाऊस. किंमत ४ लाख पौंड. हिशेबाच्या सोयीसाठी पौंड शंभर रुपयांचा धरा. झाले की नाही ४ कोटी? आता श्वास सोडा.

त्याआधी एक फ्लॅटही बघितला होता. स्वस्त, चकाचक, स्टेशनजवळ. सॉलिसिटरबाईंनी कागद बघून विचारलं, "लीजची ७८ वर्षं राहिलीत, माहितेय ना?" इंग्लंडमधले बहुतेक फ्लॅट लीजवर असतात. म्हणजे तुम्ही विकत घेता ती ठरावीक वर्षं. जमीन आणि इमारतीची मालकी दुसऱ्याचीच. वर्षं ८० च्या खाली गेली की लीज वाढवणं महाग पडत आलंय आणि बँकाही नाक मुरडतात. नवी मुंबईत सिडकोच्या लीजवरच्या जमिनीवर राहणाऱ्यांना हे नवीन नाही. आम्ही तो नाद सोडला. रो हाऊस फ्रीहोल्ड होतं, जमिनीसकट आपलं.

मग सुरू झाली चौकशी. आपल्याकडे सर्च म्हणजे वकील सब-रजिस्ट्रारकडे जाऊन तीस वर्षांचे कागद उलटतो. तिथे मालकी बघणं सोपं आहे. लॅण्ड रजिस्ट्री १८६२ पासूनची. नोंद झालेल्या कुठल्याही घराचा मालक कोण, त्यावर कर्ज आहे का, हे काही पौंड भरून कुणीही ऑनलाइन बघू शकतो. खरी मेहनत बाकीच्या सर्चमध्ये असते. कौन्सिलचा सर्च : वाढीव बांधकामाला परवानगी होती का, दारातून रस्ता जाणार आहे का. ड्रेनेजचा सर्च : सांडपाणी कुठे जातं. पर्यावरणाचा सर्च : पुराचा धोका किती. रेडिंगमधून टेम्स आणि केनेट अशा दोन नद्या वाहतात, त्यामुळे हा रिपोर्ट मी आईच्या ब्लड रिपोर्टसारखा वाचला.

मग विकणाऱ्यानं भरून द्यायचे फॉर्म. एकात सगळी कुंडली : शेजाऱ्यांशी भांडण आहे का, खिडक्या कधी बदलल्या, बागेत जपानी नॉटवीड आहे का. ही एक वनस्पती आहे. अंगणात निघाली की बँक कर्ज देताना दहा वेळा विचार करते! दुसऱ्या फॉर्मात घरातली कुठली वस्तू सोडून जाणार त्याची यादी : पडद्याचे रॉड, बल्ब, टॉवेल अडकवायची कडी. मी यादी वाचून हसलो होतो. कुकरसमोरच्या 'नेणार' या टिकेकडे माझं लक्ष गेलं नाही. तिकडे कुकर म्हणजे शिट्टीवाला नव्हे, ओव्हनसकट अख्खी शेगडी. हे पुढे महाग पडलं.

आणि सगळ्यांत भन्नाट म्हणजे चॅन्सेल. जुन्या काळी काही जमिनींच्या मालकांवर गावातल्या चर्चच्या गाभाऱ्याची दुरुस्ती करायची जबाबदारी असायची. ती अजूनही काही जमिनींना चिकटलेली आहे. वॉरिकशरमधल्या एका जोडप्यावर हे प्रकरण शेकलं. २००३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल चर्चच्या बाजूनं दिला आणि त्यांच्यावर पावणेदोन लाख पौंडांहून जास्त दुरुस्तीखर्च आला, वर कोर्टाचा खर्च वेगळा. तेव्हापासून सॉलिसिटर हा सर्च करून घेतात, शंका वाटली तर छोटासा विमा काढायला लावतात. आमच्या भागाबद्दल शंका होती. त्यामुळे डोंबिवलीच्या गणपती मंदिरात दर मंगळवारी जाणाऱ्या घरातल्या मुलानं एका मध्ययुगीन चर्चच्या छपराचा विमा उतरवला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पुण्य लागेल!"

अर्धी डोंबिवली

आता त्या 'हो'ची किंमत.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला ४ लाख २५ हजार पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी माफ होती. म्हणजे आमची ड्यूटी शून्य. आम्ही त्याच हिशेबानं पैसे जमवले होते. पण 'पहिल्यांदा' याचा अर्थ जगात पहिल्यांदा. आणि विकत घेणाऱ्यांपैकी एकाचंही पूर्वी घर असेल तर दोघांचीही सवलत गेली. बायकोच्या नावावर आजवर साधी स्कूटरही नव्हती. माझ्यामुळे तीही बाद! शून्याचे झाले साडेसात हजार पौंड.

बाईंचा पुढचा मेल आणखी जड होता. नवं घर घेतल्यावर तुमच्या नावावर जगात कुठेही दुसरं घर राहणार असेल, तर संपूर्ण किमतीवर तीन टक्के जादा. चार लाखांवर बारा हजार. एकूण साडेएकोणीस हजार पौंड. आपले साडेएकोणीस लाख.

माझ्याकडे सगळे मिळून सत्तर हजार पौंड जमणार होते. त्यातले पंधरा हजार तर बाबा देणार होते. साठ डिपॉझिटचे, दहा ड्यूटी, फी आणि सर्व्हेला. साडेएकोणीस भरायचे तर घर गेलंच. आणि एक घर आधीच गेलेलं. त्या रात्री बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

बाबांना सांगावं की नाही, यात दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रेल्वेतला माणूस, नियम म्हटला की भांडत नाही.

"मग माझ्या नावावर करून टाक. बक्षीसपत्र करू. तू पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी पाठव, मी बघतो बाकीचं."

मागून आईचा आवाज आला, "अहो, पोराचं नाव घरातून काढायचं म्हणजे काय?"

"कागदावरून काढायचंय. घरातून नाही."

फोन ठेवल्यावर मला कळेना की आपण नक्की काय मागितलं. ज्या माणसानं चौदा वर्षांपूर्वी मला कटकट नको म्हणून माझं नाव लावलं, त्यालाच मी आता माझ्या कटकटीसाठी ते काढायला लावत होतो. आणि गंमत म्हणजे त्यानं निम्मंच काम झालं असतं. नाव काढलं तर ज्यादाचे बारा हजार वाचले असते, पण पहिल्या घराची सवलत परत मिळाली नसती. कारण तिथे प्रश्न 'आहे का' असा नाही, 'कधी होतं का' असा आहे. एकदा मालक झालात की झालात.

मी तसा मेल बाईंना टाकला. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं. तुमच्या हिश्श्याची बाजारभावानं किंमत किती?

कायद्यात एक बारीक तरतूद आहे. दुसऱ्या घरातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंडांहून कमी असेल, तर तीन टक्क्यांच्या हिशेबात तो धरतच नाहीत. बाबांनी दोन दिवसांत सरकारमान्य व्हॅल्युअर गाठला. अ‍ॅग्रीमेण्ट, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू असे सगळे कागद स्कॅन करून पाठवले. इंडेक्स टू मराठीत, त्याचं भाषांतर करून घ्यावं लागलं. व्हॅल्युअरचा आकडा आला साठ लाख. माझा अर्धा हिस्सा तीस लाख. म्हणजे साधारण तीस हजार पौंड.

ज्यादाचे बारा हजार गेले. ड्यूटी साडेसात हजार. हिशेब बसला. नाव राहिलं.

मी ओरडतच बाबांना फोन केला. ते खूश झाले, आईला हाक मारली, आणि मग हसत म्हणाले, "म्हणजे आपलं घर त्यांच्या खिजगणतीतच नाही म्हण की!"

हसत म्हणाले खरं. पण त्या घरासाठी त्यांनी पीएफ काढला होता, आईच्या पाटल्या मोडल्या होत्या, बारा वर्षं हप्ते भरले होते. मी विषय बदलला.

भिशी म्हणजे काय हो?

पुढचा अंक पैशांचा. मनी लॉण्डरिंगच्या कायद्यामुळे सॉलिसिटरला तुमचा एकूण एक पौंड कुठून आला हे बघावं लागतं. माझी सहा महिन्यांची स्टेटमेण्ट्स, सॅलरी स्लिपा. आणि बाबा पंधरा लाख देणार म्हटल्यावर त्यांचाही पासपोर्ट, पॅन, पत्त्याचा पुरावा, बँकेची स्टेटमेण्ट्स. पासपोर्टवर बाबांचं नाव एका तऱ्हेनं, बँकेत दुसऱ्या. एक 'राव' कमी-जास्त. त्याचा खुलासा वेगळा.

मोडलेल्या एफडीचं कुणाला काही वाटलं नाही. पण जूनमध्ये आईबाबांच्या जॉइंट खात्यात ऐंशी हजार रोख भरले होते, त्यावर बाईंनी बोट ठेवलं. आईची भिशी! आता इंग्रज बाईंना भिशी कशी समजावणार? मी लिहिलं, सोसायटीतल्या बायका दर महिन्याला ठरावीक पैसे काढतात आणि चिठ्ठी टाकून एकीला देतात. त्यांचा प्रश्न आला, ही संस्था नोंदणीकृत आहे का? शेवटी बाबांनी ऐंशी हजार बाजूला ठेवले आणि फक्त एफडीचेच पैसे पाठवले. आईला मात्र ते लागलं. "माझेच नकोत का त्यांना?"

पाठवायचेही नियम आहेत. भारतात राहणारा माणूस रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो. बँकेत फॉर्म ए-टू भरायचा, कारण लिहायचं. बाबांनी लिहिलं : मुलाला भेट. त्यावर बँक टीसीएस कापून घेते. त्या वेळी सात लाखांच्या वरच्या रकमेला पाच टक्के होता आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून वीस टक्के होणार होता. बाबांनी सप्टेंबरच्या मध्यातच बँक गाठली. चाळीस हजार कापले गेले. महिनाभर थांबते तर एक लाख साठ हजार गेले असते. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना कराच्या हिशेबात धरला जातो किंवा परत मिळतो. पण तोवर अडकतो.

आणि मग भेटपत्र. बँकेचा मसुदा होता, मोजून सहा ओळी. ही रक्कम मी मुलाला भेट देत आहे. हे कर्ज नाही. मी ती परत मागणार नाही. या घरात माझा कोणताही हक्क किंवा हिस्सा नाही आणि पुढेही असणार नाही.

व्हिडिओ कॉलवर बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "हे लिहून द्यावं लागतं?"

"बँकेला लागतं, बाबा. उद्या कुणी हक्क सांगायला आलं तर त्यांचं कर्ज अडकेल."

"हां, बरोबर आहे त्यांचं," असं म्हणून त्यांनी खाली मराठीत सही केली. तीच, माझ्या प्रगतिपुस्तकावरची. मग पासपोर्टवरची सही इंग्रजीत आहे म्हणून मी त्यांना पुन्हा इंग्रजीत करायला लावली.

मुहूर्त शुक्रवारचा

आईनं दसऱ्याचा मुहूर्त काढला होता. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला, मंगळवारी. पण तिकडे मुहूर्त साखळी ठरवते. आमचा विकणारा ज्याचं घर घेणार, तो आणखी कुणाचं तरी घेणार. सगळ्यांनी एकाच दिवशी हलायचं. बहुतेकांना शुक्रवार सोयीचा. आमचा ठरला २७ तारखेचा.

त्याच्या दोन आठवडे आधी एक्स्चेंज झालं. मला वाटलं होतं काही सोहळा असेल. कचेरी, कॅमेरा, अंगठा, निदान चहा! काहीच नाही. आम्ही करारावर आधीच सह्या करून दिल्या होत्या, तारीख कोरी ठेवून. दहा टक्के म्हणजे ४० हजार पौंड सॉलिसिटरच्या खात्यात जमा होते. एके दुपारी दोन्हीकडच्या सॉलिसिटरांनी एकमेकांना फोन केला, ठरलेल्या पद्धतीनं कराराची वेळ आणि तारीख नोंदवली आणि संपलं. त्या फोननंतर मागे फिरलो असतो तर ४० हजार गेले असते. घराचा विमाही त्याच दिवसापासून आमच्या नावे. मी तेव्हा ऑफिसात एक्सेल शीट बघत होतो. मेल आला : एक्स्चेंज्ड. इतके महिने ज्या शब्दाला किंमत नव्हती, ती अशी एका मिनिटात आली.

घर कुणाच्या नावे कसं हवं, हेही आधीच विचारलं होतं. दोघांचं मिळून एकच, म्हणजे एक गेला की आपोआप दुसऱ्याचं. किंवा हिस्से वेगवेगळे, मृत्युपत्राप्रमाणे. आम्ही पहिला पर्याय घेतला. चौतिसाव्या वर्षी बायकोबरोबर सोफ्यावर बसून 'मी गेलो तर' हे बोलायला कायदाच लागतो.

२७ ला दुपारी एजंटच्या ऑफिसात एका पाकिटात किल्ल्या मिळाल्या. चौदा दिवसांत ड्यूटी भरायची, नंतर लॅण्ड रजिस्ट्रीत नाव चढवायचं, ही कामं सॉलिसिटरची. आम्ही घरात शिरलो. आईचं फर्मान होतं, दूध आजच उतू घाला. उद्या कोजागिरी आहे, पण ग्रहणही आहे. पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर शेगडीच्या जागी रिकामा चौकोन! फॉर्मातली ती टिक. मग काय, मायक्रोव्हेवमध्ये कपभर दूध ठेवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. दूध बरोबर उतू गेलं. आईनं तिकडून हात जोडले. बाबा म्हणाले, "आता तो मायक्रोव्हेव पूस."

जाता जाता तुमच्या कामाचं. आता नियम कडक झालेत. ज्यादाचे तीन टक्के ऑक्टोबर २०२४ पासून पाच झाले, पहिल्या घराची माफीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३ लाख पौंडांवर आली. तिथे न राहणाऱ्याला २०२१ पासून दोन टक्के आणखी वेगळे. म्हणजे मुंबईत स्वतःचा फ्लॅट असलेल्या माणसानं मुंबईत बसून ४ लाखांचं घर घ्यायचं म्हटलं, तर २०२५ च्या एप्रिलपासूनच्या दरांनी नुसती स्टॅम्प ड्यूटी ३८ हजार पौंड. टीसीएसची सूट आता दहा लाखांपर्यंत आहे, वर वीस टक्के. आणि भारतात राहून परदेशात घर घेतलंत तर ते रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावंच लागतं, नाही तर काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांचा दंड. आकडे बदलत राहतील. पण तो प्रश्न फॉर्मात असणारच. तेव्हा आज घरी फोन करून एवढं विचारा : आई, बाबा, माझ्या नावावर काही आहे का?

काही महिन्यांनी लॅण्ड रजिस्ट्रीचा उतारा आला. त्यावर आम्हा दोघांची नावं. बाबांनी प्रिंट मागवली आणि डोंबिवलीच्या कपाटातल्या निळ्या फायलीत, इंडेक्स टूच्या मागे लावून ठेवली. मागच्या सुट्टीत मी ती फाईल उघडली. दोन्ही कागदांवर माझं नाव आहे. भेटपत्राची झेरॉक्स कुठे दिसली नाही. विचारलं तर बाबा म्हणाले, "ती कशाला ठेवायची? ती तुझ्या बँकेसाठी होती."